भूकंप आणि आपले घर

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दोन शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हळदीकुंकवाला उखाणा घेणे निराळे आणि सभेत उभे राहणे निराळे. परंतु त्या म्हणाल्या, "तुमच्या मनात सध्या जे घोळते आहे, त्यावरच बोला." आमच्याकडे सध्या नव्या घराचे काम चालू आहे, आणि माझ्या मनात घोळतो आहे भूकंप. तेव्हा त्यावरच बोलते. चुकले तर पदरात घ्यावे.

४ डिसेंबर २०२४ ची सकाळ आपणां सर्वांना आठवत असेल. साडेसातला दोन-तीन मिनिटे कमी होती. मी चुलीपाशी बसले होते. फळीवरचे गंज एकाएकी वाजू लागले. मला वाटले, मांजर शिरले. इतक्यात पायाखालची जमीनच थरथरली. सासूबाई अंगणातून ओरडल्या, "अगं, बाहेर ये!" मी बाहेर येईपर्यंत सारे थांबलेही होते. त्या धक्क्याचे केंद्र गोदावरीपलीकडे तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात होते आणि तीव्रता ५.३ होती. दिवसभर आपण त्याच्या गप्पा केल्या, हसलोही. रात्री मात्र मला झोप आली नाही. मला किल्लारी आठवली.

१९९३ साली मी माहेरी, आलापल्लीला, सातवीत होते. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. ३० तारखेच्या पहाटे, चारला चार मिनिटे असताना, लातूर आणि उस्मानाबाद (म्हणजे आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत धरणी हालली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. सुमारे ८ हजार माणसे मेली. त्यांत बायका आणि मुले अधिक होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या गुरुजींनी वर्गात हे सांगितले आणि घरून कपडे आणावयास सांगितले. मी आईची दोन जुनी लुगडी नेली. आपण फार मोठे पुण्य केले असे मला वाटले.

हे का घडले? मला समजले तेवढे सांगते. आपला हिंदुस्थान ज्या खडकाच्या थरावर आहे, तो थर वर्षाला काही बोटे उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. मागून रेटा, पुढून अडथळा, म्हणून सगळ्या थरात ताण भरतो. आपण टोपलीसाठी बांबूची कांब वाकवतो. ती वाकते, वाकते, आणि जिथे आधीची चीर असते तिथे काडकन तुटते. खडकाचेही तसेच. किल्लारीखाली अशी जुनी चीर होती आणि ती फार खोलही नव्हती. सरकारी नकाशात तो मुलूख सर्वांत कमी धोक्याचा धरलेला होता. १९९२ साली तिथे लहान धक्के बसले होते, लोक घाबरलेही होते. परंतु मोठा धक्का कधी येईल हे तेव्हाही कोणी सांगू शकत नव्हते आणि आजही सांगू शकत नाही.

परंतु भगिनींनो, नुसती जमीन हालल्याने माणूस मरत नाही. किल्लारीचा धक्का ६.२ च्या सुमाराचा होता. याहून कितीतरी मोठे धक्के जपानात बसतात आणि लोक पुन्हा कामाला लागतात. किल्लारीत घरांनी माणसे मारली. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, गोलसर दगड मातीत रचलेले. भिंतीच्या आतली बाजू निराळी, बाहेरची निराळी, आणि दोन्हींना बांधून धरणारा आरपार दगड एकही नाही. वर उन्हापासून बचाव म्हणून मातीचे जड माळवद. दरसाल गळू नये म्हणून त्यावर आणखी माती. सिमेंटला पैसा नव्हता. माती-दगड फुकट होते. गरिबाने ज्याच्या आसऱ्याला घर बांधले, तेच त्याच्या उरावर आले.

पुढे मदत आली. लष्कर आले, सरकार आले, देशोदेशींचे लोक आले. भर पावसात ढिगारे उपसले गेले. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. जागतिक बँकेचे कर्ज मिळाले आणि ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. चुकाही झाल्या. घर मिळाले ते जमिनीच्या हिशेबाने; भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. शेजार तुटले. कित्येकांना पक्क्या छताखाली झोपण्याची कितीतरी दिवस भीती वाटे. आणि जुन्या कपड्यांचे म्हणाल, तर ते इतके आले की रस्त्याकडेला ढीग पडून राहिले. हे मी पुष्कळ वर्षांनी ऐकले, तेव्हा आईची ती दोन लुगडी माझ्या डोळ्यांपुढे आली. द्यायला हरकत नाही. पण काय हवे ते आधी विचारून द्यावे.

आता जे आपल्या मंडळाच्या कामाचे आहे ते सांगते. ज्या गावांत घरे पडली नव्हती, नुसती तडकली होती, अशी गावे तेराशेच्या आसपास होती. तिथे घरे दुरुस्त करून मजबूत करायची होती. स्वयं शिक्षण प्रयोग नावाच्या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांनी त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांना पुढे आणले. सरकारने त्या बायकांना 'संवाद सहायक' नेमले. तुमच्या-माझ्यासारख्याच बायका, डोक्यावर पदर घेतलेल्या. त्या घरोघर गेल्या, योजना समजावली, गवंड्याच्या पाठीशी उभे राहून काम पाहिले, दगड आरपार बसला की नाही ते विचारले. पुढे २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि शिकवायला गुजरातेत गेल्या. हे आपण का करू नये?

आपल्याकडचे जुने घर म्हणजे लाकडी खांब, बांबूचा कुड, त्यावर शेणामातीचे सारवण, वर कवेलू. त्या दिवशी ते नुसते डोलले. हलके घर डोलते, जड घर कोसळते. माडिया भगिनींच्या घरांना कोणी मागासलेले म्हणेल, त्याला हे सांगावे. परंतु वाळवी लागते, पावसाळ्यात पर्लकोटा चढते, मुलांना पक्के घर हवे असते. म्हणून आता विटांची आणि स्लॅबची घरे होत आहेत. मला त्याचा आनंदच आहे. पण वीट आणि स्लॅब म्हणजे पुन्हा जड घर.

आमच्या घराच्या भिंती दारा-खिडक्यांच्या माथ्यापर्यंत आल्या, तेव्हा मी मिस्त्रीला विचारले, "इथे सळईचा सलग पट्टा घालणार ना?" तो म्हणाला, "बाई, इथे कुठला भूकंप! खर्च वाढेल." यजमानही गप्प राहिले, कारण पैसा खरोखरच कमी होता. मी काही भांडले नाही. रात्री यजमानांना म्हटले, "पुढची फरशी राहू द्या, मी शेणाने सारवीन, पण पट्टा हवा." दोन दिवस घरात बोलणे नव्हते. तिसऱ्या दिवशी ते स्वतः सळई घेऊन आले. फरशी अजून झालेली नाही. तुम्ही याल तेव्हा सारवलेल्या जमिनीवर बसावे लागेल!

माझे मागणे एवढेच. ज्यांच्या घरकुलाचे काम चालू आहे, त्यांच्याकडे मंडळाच्या दोघी-तिघींनी मिळून जावे आणि चार गोष्टी पाहाव्यात. चारही भिंतींवरून सळईचा सलग पट्टा फिरला आहे का. कोपऱ्यात विटा एकमेकींत गुंतल्या आहेत का. नव्या बांधकामावर रोज पाणी मारतात का. आणि दार-खिडकी अगदी कोपऱ्याला टेकून तर काढली नाही ना. यासाठी फार शिकावे लागत नाही. सातवी पुरते, आणि सातवी नसली तरी डोळे पुरतात.

धरणी पुन्हा कधी हालेल हे आपल्या हाती नाही. घर कसे बांधावे हे थोडेफार आपल्या हाती आहे.  एवढे बोलून मी खाली बसते.