खाजगी देणगी आणि कंपनीची जबाबदारी



एखाद्या कंपनीच्या चालकानें स्वतःच्या खिशांतून राजकीय कार्याला देणगी दिली, तर तिचा जाब कंपनीला विचारावा काय? अमेरिकेंत मोझिला या संस्थेचे नवे प्रमुख ब्रेंडन आइक यांनीं २०१४ सालीं नेमणुकीनंतर थोड्याच दिवसांत राजीनामा दिला. २००८ सालीं समलिंगी विवाहाविरुद्धच्या मोहिमेस त्यांनीं हजार डॉलर दिले होते, हें त्या वादाचें मूळ.

आपल्याकडे हा प्रश्न जुनाच आहे. १९२०-२१ च्या असहकारांत वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनीं वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठीं एक लाख रुपये दिले. त्या काळीं मालक आणि पेढी बहुधा एकच. सरकारचा रोष झाला तर दोघांवरही व्हावयाचा. आज त्याच घराण्याचा आकुर्डीचा कारखाना पुणेकरांना परिचित आहे. पण तो कंपनीचा, आणि कंपनीचे धनी हजारों भागधारक!

हा भेद १९५७ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत स्पष्ट झाला. टाटांच्या लोखंड-पोलाद कंपनीनें राजकीय पक्षांना देणग्या देण्याची तरतूद आपल्या घटनापत्रांत करूं घातली. एका भागधारकानें हरकत घेतली. मुख्य न्यायाधीश छागला यांनीं कायद्याप्रमाणें अनुमति दिली, परंतु अशा देणग्यांपासून लोकशाहीला धोका आहे, असा इशाराही दिला. तेथें पैसा भागधारकांचा होता. खाजगी देणगींत तो देणाऱ्याचा असतो.

कोणी म्हणेल, चालकाचा पैसा तरी कंपनींतूनच आला ना? आला खरा, परंतु कामगाराचा पगारही तेथूनच येतो. त्यानें आपल्या पक्षाला वर्गणी दिली, तर तिचा जाब आपण कारखान्याला विचारीत नाहीं. जो न्याय कामगाराला, तोच चालकाला.

मात्र या न्यायाला मर्यादा आहे. चालकानें कंपनीचें नांव, कचेरी किंवा नोकरवर्ग पक्षकार्याला जुंपला, अथवा हाताखालच्या माणसांची बढती त्यांच्या मतावर ठरविली, तर देणगी खाजगी राहिली नाहीं. तेथें संचालकमंडळानें उत्तर दिलेंच पाहिजे. साहेबांचा पक्ष ठाऊक असलेल्या कारकुनाला निर्भयपणें मत देतां येतें कीं नाहीं, हीच खरी कसोटी होय.

शिवाय खाजगी म्हणजे गुप्त नव्हे. वीस हजार रुपयांवरील देणग्यांचा तपशील पक्षांनीं निवडणूक आयोगाला द्यावा, असा कायदा आहे. २०१८ पासूनच्या निवडणूक रोख्यांनीं देणाऱ्यांचीं नांवें झांकलीं होतीं. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती योजना घटनाबाह्य ठरविली. नांव उघड झाल्यावर त्या कंपनीचा माल घ्यावा कीं न घ्यावा, हें ग्राहकानें खुशाल ठरवावें. तो त्याचा हक्क आहे. परंतु ग्राहकाची नापसंती निराळी आणि कंपनीचा अपराध निराळा. नापसंतीलाच अपराध मानूं लागलों, तर उद्यां प्रत्येक नोकराच्या मताची झडती सुरू होईल, आणि ती चालकापाशीं थांबणार नाहीं.