क्लिक डावं की उजवं?



घराचा नकाशा काढणारी, यंत्राचे सुटे भाग रेखाटणारी, पडद्यावरची चित्रं हलती करणारी खास सॉफ्टवेअर असतात. ती पहिल्यांदा उघडणाऱ्या माणसाचं काय होतं, याबद्दल मी आज बोलणार आहे. विषय तांत्रिक वाटेल; पण ज्यांच्या घरात आयटीआयचा, डिप्लोमाचा किंवा आर्किटेक्चरचा विद्यार्थी आहे, त्यांना तो लगेच ओळखीचा वाटावा.

मी गेली अनेक वर्षं मुलांना संगणकावर ड्रॉइंग शिकवते. स्वतः शिकले ती मात्र लाकडी बोर्डावर, टी-स्क्वेअर आणि सेट-स्क्वेअर घेऊन. बोर्डावर चांगली रेघ यायला वर्ष-दोन वर्षं जात. पण वाईट रेघ पहिल्याच मिनिटाला उमटायची! आपण काहीतरी केलं, ते वाकडं झालं, आता ते सरळ करायचं, एवढं तरी कळायचं. संगणकावर नवख्या माणसाला पुष्कळदा वाईट रेघसुद्धा काढता येत नाही. तो बटण दाबतो आणि काहीच होत नाही, किंवा समोरचं सगळं गायब होतं. चूक काय झाली हे कळलं तर सुधारणार ना!

माझ्या वर्गात एक मुलगा होता. वडील सुतार. कागदावर हातानं कपाट काढायला सांगितलं तर पाच मिनिटांत खणांसकट काढून दाखवायचा. पण लॅबमध्ये एका साध्या चौकोनाला उंची देऊन खोकं करायचं, तर तासभर त्याच चौकोनाशी झटापट. शेवटी म्हणाला, "मॅडम, माझं डोकं या कामाचं नाही." पुढचे तीन दिवस तो लॅबमध्ये आलाच नाही. वडिलांच्या हाताखाली कामाला जायचा विचार चालला होता, हे नंतर कळलं. सुतारकाम वाईट असं मी म्हणत नाही. पण वर्षाची फी भरलेली होती, आणि मुलगा हुशार होता.

अडलं होतं कुठं? चौकोन निवडून झाल्यावर एंटर दाबायचं होतं. सॉफ्टवेअर त्याची वाट पाहत होतं. तशी सूचनाही होती, पण पडद्याच्या अगदी तळाशी, बारीक इंग्रजी अक्षरांत. मुलाचे डोळे होते चौकोनावर. आणि ज्या कामाला हात घालायचा, त्याचं नाव 'एक्स्ट्रूड'. मी त्याला म्हटलं, "अरे, दिवाळीला घरी सोऱ्या काढतात ना? जाळीचं भोक चांदणीसारखं असेल तर चकली चांदणीसारखी पडते. तसं इथं तुझं भोक चौकोनी." तो हसला, आणि अर्ध्या तासात त्यानं पूर्ण ड्रॉवर तयार केला.

माणूस अशा वेळी वस्तूला दोष देत नाही, स्वतःला देतो. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकानं १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर पुस्तक लिहिलं, त्यात हा मुद्दा फार चांगला मांडला आहे. दार ढकलायचं की ओढायचं हे कळलं नाही, तर आपण ओशाळतो. खरं म्हणजे ओशाळायला हवं दार बनवणाऱ्यानं.

सॉफ्टवेअर सोपं करणं म्हणजे त्यातली अर्धी बटणं काढून टाकणं, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. सुताराच्या पेटीतली अर्धी हत्यारं काढून घेतली तर सुतारकाम सोपं होत नाही. सॉफ्टवेअर या क्षणी माणसाकडून काय मागतं आहे, ते त्याला दिसेल अशा जागी आणि समजेल अशा शब्दांत सांगितलं, की पुष्कळ काम होतं. 'ऑटोकॅड' १९८२ सालापासून आहे. त्यात पहिल्यापासून एक कमांड लाइन आहे. 'पहिला बिंदू दाखवा', 'आता त्रिज्या सांगा' असं ती इमानेइतबारे विचारत असते. पण ती खाली, आणि नजर वर. २००६ च्या आवृत्तीत हीच विचारणा माउसच्या बाणाला चिकटून दिसू लागली. प्रश्न तेच, फक्त डोळ्यांसमोर आले. एवढ्याशा बदलानं माझं वर्गातलं बोलणं निम्मं झालं असेल.

शब्दांच्या बाबतीत 'स्केचअप'चं उदाहरण घ्यावं. हे २००० साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत तयार झालं. त्यांनी 'एक्स्ट्रूड' हा शब्दच टाळला आणि हत्याराचं नाव ठेवलं 'पुश-पुल', म्हणजे ढकल-ओढ. भिंतीचा पृष्ठभाग पकडायचा आणि ओढायचा. रेघेच्या टोकाजवळ बाण नेला की हिरवा ठिपका उमटतो आणि 'हे टोक आहे' असं लिहून येतं. नवीन फाइल उघडली की कोऱ्या मैदानात एक माणूस उभा असतो. तो शोभेसाठी नाही बरं का! तुम्ही काढलेला दरवाजा त्याच्या गुडघ्यापर्यंत आला, तर माप चुकलं हे कुणी सांगायची गरज उरत नाही.

पण मला सर्वांत बोलकी वाटते ती 'ब्लेंडर'ची कहाणी. नेदरलँड्समधल्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत टॉन रोझेंडाल यांनी १९९० च्या दशकात हे सॉफ्टवेअर घडवलं, ते आपल्याच कारागिरांसाठी. घरच्या माणसांना डबा कुठं आणि किल्ली कुठं हे ठाऊकच असतं. पाहुण्यांसाठी चिठ्ठ्या कोण लावणार? पुढे ते सांभाळणारी कंपनी बंद पडली. तेव्हा २००२ साली लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो गोळा करून ते सोडवून घेतलं, आणि ते सर्वांसाठी मोफत, मुक्त झालं. पाहुण्यांची रीघ लागली, पण घराची मांडणी तीच! जगात सगळीकडे वस्तू निवडायची तर माउसचं डावं बटण दाबतात, ब्लेंडरमध्ये उजवं. नवखा माणूस डावं बटण दाबायचा, वस्तू तशीच, आणि भलतीकडेच एक लाल-पांढरं वर्तुळ जाऊन बसायचं. किती जणांनी तिथंच नाद सोडला असेल!

उजव्या क्लिकमागे विचार नव्हता असं नाही. निवड एका बोटानं आणि कृती दुसऱ्या बोटानं केली, की चुकून वस्तू हलत नाही. जुन्या मंडळींचा हात त्याला इतका सरावला होता, की डाव्या बटणाचं नाव काढताच कडाडून विरोध व्हायचा. वर्षानुवर्षं वाद चालला. अखेर जुलै २०१९ मध्ये २.८० ही आवृत्ती आली, आणि डावं क्लिक रूढ झालं. उजवं मात्र फेकून दिलं नाही. नवी आवृत्ती प्रथम उघडताना तिनंच विचारलं, तुम्हाला कुठलं हवं? सरकवण्यासाठी 'जी', फिरवण्यासाठी 'आर', लहानमोठं करण्यासाठी 'एस' या जुन्या कळाही तशाच राहिल्या. शेजारी नवख्यांसाठी चित्रांची पट्टी आली. आणि तळाच्या पट्टीवर माउसचं कुठलं बटण आत्ता काय करेल, ते दिसू लागलं. ती सूचना तळाशीच का ठेवली, हे मात्र मला अजून समजलेलं नाही.

२०२५ साली ज्या 'फ्लो' या लाटव्हियातल्या अ‍ॅनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं, तो याच ब्लेंडरवर तयार झाला आहे. म्हणजे दार सोपं केलं म्हणून आतलं घर लहान झालं, असं काही घडलं नाही.

जुन्या हातांचा प्रश्नही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे पन्नाशीतले ड्राफ्ट्समन आहेत. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर. 'एल' एंटर, 'सी' एंटर, नजर खाली जातच नाही. काहींना शीटवर पैसे मिळतात. २००९ च्या ऑटोकॅडमध्ये वर चित्रांची रुंद पट्टी आली, आणि २०१५ च्या आवृत्तीत तर जुनी 'क्लासिक' मांडणी तयार मिळेनाशी झाली. तेव्हा अनेकांनी खटपट करून तीच मांडणी पुन्हा स्वतः जुळवली. याला कुणी हट्ट म्हणेल. पण वीस वर्षांच्या सरावानंतर महिनाभर नवशिक्या होणं म्हणजे त्या महिन्याच्या शीट कमी, आणि घरखर्च तेवढाच! ऑटोकॅडमध्ये 'एल' एंटर आजही चालतं, ही त्यातली चांगली गोष्ट.

आपल्या पुण्यात अभियांत्रिकी सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी बरीच आहेत. त्यांच्यापैकी कुणी ऐकत असेल, तर एक सुचवते. कामाच्या ठिकाणी पाच नवखी माणसं बोलवा. याकोब निल्सन यांनी २००० साली लिहिलं होतं, की बहुतेक अडचणी पाच जणांतच उघड होतात. एकेकाला एक साधं काम द्या, मागे खुर्ची टाकून बसा आणि तोंड उघडू नका. हे शेवटचं फार अवघड असतं. "अहो, ते वर आहे ना बटण!" असं ओठांवर येतंच. ते आलं की वहीत लिहा. बटण कुठं असायला हवं होतं, ते तिथंच कळतं. त्या पाचांत एखादी तालुक्याच्या आयटीआयमधली मुलगी जरूर असू द्या.

सॉफ्टवेअर बदलणं माझ्या हातात नाही, म्हणून मी वर्गात शब्द बदलते. 'परपेंडिक्युलर' म्हटलं की गप्प बसणारी मुलं 'गुण्यात घे' म्हटलं की हलतात, कारण गवंड्याचा गुण्या त्यांनी पाहिलेला असतो. उभी रेघ 'ओळंब्यात'. 'लॉफ्ट' म्हणजे बुरुडाची टोपली. तळ चौकोनी, तोंड गोल, मधला आकार आपोआप वळत जातो. 'कन्स्ट्रेंट'ला मात्र शब्द सापडत नाही. दोन रेघा कायम सारख्याच लांबीच्या राहतील, एक ओढली तर दुसरीही वाढेल, अशी जी गाठ मारून ठेवतात, ती. पुस्तकात 'बंधन' असतं, पण मुलांच्या तोंडी ते बसत नाही. तुमच्यापैकी एखाद्या सुताराकडे, विणकराकडे किंवा गवंड्याकडे त्यासाठी शब्द असेल, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर जरूर कळवा.