पाचही सामने हरलेला संघ

१९५९ च्या इंग्लिश उन्हाळ्यात भारताचा क्रिकेट संघ पाच कसोटी सामने खेळला आणि पाचही हरला. त्यांतले तीन तर डावाने हरला. एका मालिकेतील पाचच्या पाच सामने गमावण्याचा भारताचा तो पहिलाच प्रसंग. नॉटिंगहॅम, लॉर्ड्स, लीड्स, मँचेस्टर आणि ओव्हल ही पाच नावे तेव्हापासून बडोद्याच्या दत्ताजीराव गायकवाडांच्या नावापुढे जोडली गेली आहेत. वास्तविक त्यांतल्या लॉर्ड्सच्या सामन्यात ते खेळलेही नव्हते. श्वासनलिकेच्या विकाराने ते अंथरुणावर होते आणि नेतृत्व पंकज रॉय यांच्याकडे होते. परंतु पराभवाचा हिशेब लोक इतक्या बारकाईने ठेवीत नाहीत.

ते कर्णधार कसे झाले, हे पाहिले म्हणजे त्या हंगामाची निम्मी कथा कळते. त्याआधीच्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला होता. त्या पाच सामन्यांत भारताने चार कर्णधार पाहिले. प्रथम उम्रीगर, मग दोन सामन्यांना गुलाम अहमद. मद्रासच्या सामन्यासाठी पुन्हा उम्रीगर नेमले गेले. पण संघनिवडीत वरून ढवळाढवळ होताच त्यांनी पूर्वसंध्येला राजीनामा दिला आणि सकाळी विनू मांकड मैदानावर उतरले. दिल्लीला हेमू अधिकारी. घराला कारभारी पुष्कळ झाले म्हणजे चुलीवर काय शिजते हे सांगायला नको. तीन सामने गेले, दोन कसेबसे अनिर्णित राहिले. इंग्लंडला जाण्याची वेळ आली तेव्हा या चौघांपैकी कोणीही कर्णधार नव्हता आणि तिशी गाठलेल्या गायकवाडांच्या हाती संघ आला. नोव्हेंबर १९५८ ते ऑगस्ट १९५९ या अवधीत दहा सामने, सहा कर्णधार आणि आठ पराभव, असा तो जमाखर्च आहे.

गायकवाड अगदीच अनुभवशून्य नव्हते. १९५७-५८ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली बडोद्याने रणजी करंडक जिंकला होता. पण संघाचे व्यवस्थापक होते बडोद्याचे महाराज फत्तेसिंगराव, आणि कर्णधारही गायकवाडच! टीकाकारांना ही जुळणी आयतीच सापडली.

राजघराणे आणि कर्णधारपद यांची सांगड आपल्याकडे नवी नव्हती. काशीला जाणारा मराठी यात्रेकरू मंगला गौरी आणि पंचगंगा घाटाकडच्या दक्षिणी वस्तीत आपली माणसे शोधीत असे. त्याच काशीत भेलूपूरला विजयानगरमच्या महाराजकुमारांचा, म्हणजे क्रिकेटजगतातल्या ‘विझी’ यांचा, प्रासाद होता. १९३६ साली त्यांनी खटपटीने कर्णधारपद मिळविले, लाला अमरनाथांसारख्या खेळाडूला पहिल्या कसोटीपूर्वीच घरी पाठविले, सहा डावांत स्वतः ३३ धावा केल्या आणि मालिका गमावली. १९३६ चा पराभव पुष्कळसा कर्णधाराने ओढवून घेतलेला होता. १९५९ चा पराभव गायकवाडांच्या वाट्याला आला, असे म्हणणेच न्यायाचे ठरेल. दोघांना एकाच तागडीत तोलण्याची सवय मात्र सुटत नाही.

गायकवाडांना इंग्लंडचा कडवट अनुभव आधीच होता. १९५२ साली लीड्सला त्यांनी कसोटीत पदार्पण केले, तो सामना कोण विसरेल? दुसऱ्या डावात फलकावर एकही धाव लागण्यापूर्वी चार गडी बाद झाले होते. रॉय, मंत्री, मांजरेकर आणि चौथे गायकवाड! समोर फ्रेड ट्रूमन होता आणि त्याचाही तो पहिलाच सामना होता. सात वर्षांनी गायकवाड कर्णधार म्हणून त्याच मैदानात उतरले तेव्हाही समोर ट्रूमन होताच.

लॉर्ड्सच्या सामन्याकडे मात्र नुसत्या निकालावरून पाहता येणार नाही. स्टॅथमच्या एका चेंडूने नरी कॉन्ट्रॅक्टर यांची बरगडी मोडली. तशा स्थितीत त्यांनी ८१ धावा केल्या. सगळ्या संघाच्या धावा होत्या १६८. मग शरीराने लहानखुऱ्या रमाकांत देसाईंनी वेगाने चेंडू टाकून इंग्लंडचे पाच बळी घेतले. एक वेळ अशी आली की, इंग्लंडचे सहा गडी ८० धावांत बाद झाले होते. तेथे बॅरिंग्टन पाय रोवून उभा राहिला, तळाच्या गड्यांनी त्याला साथ दिली आणि इंग्लंड २२६ पर्यंत पोहोचले. दुसऱ्या डावात मांजरेकरांनी ६१ धावा काढल्या, बरगडी मोडलेले कॉन्ट्रॅक्टर खाली क्रमांकावर येऊन पुन्हा उभे राहिले व नाबाद परतले. तरीही सामना तीन दिवसांत संपला. नोंदवहीत ‘इंग्लंड आठ गड्यांनी विजयी’ एवढेच आहे.

दुखापतींनी संघाची पाठ सोडली नाही. चंदू बोर्डे यांचे बोट पहिल्याच सामन्यात मोडले. मांजरेकरांच्या गुडघ्याने लॉर्ड्सनंतर दगा दिला. शेवटी ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकत असलेल्या अब्बास अली बेग या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला मँचेस्टरसाठी पाचारण करण्यात आले. विजयासाठी ५४८ धावा हव्या होत्या. बेगच्या डोक्यावर ऱ्होड्सचा चेंडू आदळला; तो मैदान सोडून गेला, परत आला आणि पदार्पणातच ११२ धावा करून धावबाद झाला. उम्रीगर यांनी ११८ केल्या. भारताच्या ३७६ झाल्या. हरताना संघाने दाखविलेला तो सर्वांत देखणा खेळ होता.

गायकवाडांची स्वतःची बॅट कसोटीत चालली नाही, हेही सांगितले पाहिजे. चार सामन्यांत मिळून १२८ धावा. इतर सामन्यांत त्यांनी त्या दौऱ्यात हजारावर धावा जमविल्या, परंतु त्या आता कोणाच्या लक्षात नाहीत.

ओव्हलनंतर चार महिन्यांनी, डिसेंबर १९५९ मध्ये, कानपूरला भारताने ऑस्ट्रेलियाला प्रथमच हरविले. जसू पटेल यांनी चौदा बळी घेतले. रॉय, कॉन्ट्रॅक्टर, उम्रीगर, बेग, बोर्डे, नाडकर्णी ही इंग्लंडहून हरून आलेलीच मंडळी त्या संघात होती. कर्णधार रामचंद होते. गायकवाडांना त्यानंतर अवघा एक कसोटी सामना मिळाला, १९६१ साली मद्रासला. पुढे १९७६ साली किंग्स्टनच्या मैदानावर त्यांचा मुलगा अंशुमन वेस्ट इंडीजच्या तुफानी माऱ्यापुढे उभा होता. होल्डिंगचा चेंडू कानावर बसून त्याला मैदान सोडावे लागले तेव्हा त्याच्या धावा झाल्या होत्या ८१. दत्ताजीराव ९५ वर्षे जगले. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी बडोद्यात ते वारले, तेव्हा हयात भारतीय कसोटीपटूंमध्ये तेच वयाने सर्वांत वडील होते.