बोटीच्या आधी मुंबई

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एका समूहाच्या अध्यक्षा ताईंनी केलेलं हे भाषण. ज्यांना बैठकीला येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत.)



आपला सिद्धगड बघायला मुंबई-पुण्याची माणसं येतात. आपण त्यांना वाट दाखवतो, चुलीवरची भाकरी करून वाढतो. आमच्या गटातल्या एक मावशी एकदा बैठकीत म्हणाल्या, "ती लोकं आपला डोंगर बघून जातात. आपण त्यांचा समुद्र कधी बघायचा गं?" मावशींचं वय साठीच्या पुढं. मुंबई त्यांनी दोनदाच पाहिलेली, दोन्ही वेळा दवाखान्यात पेशंटजवळ बसून.

मग ठरलं, मुंबई बघायची आणि तिथून बोटीनं घारापुरीला जायचं. पहिला प्रश्न पैशाचा. एकजण म्हणाली, गटाच्या बचतीतून काढू. मी नाही म्हटलं. तो पैसा कर्जाचा, अडीनडीचा. त्याऐवजी प्रत्येकीनं आठवड्याला 10 रुपये जास्तीचे टाकायचे, वहीत वेगळं पान करायचं. वर्षभरात प्रत्येकीचे पाचशेच्या वर जमले. एसटीत आपल्याला 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे कल्याणपर्यंतचा खर्चही कमी झाला.

दिवस नीट निवडा. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, बोटींचा भरवसा नाही. आम्ही भात झोडून झाल्यावरचा मंगळवार धरला.

आता मेन गोष्ट सांगते. कल्याण स्टेशनवर आमचा वाद झाला. आम्ही अकराजणी. सगळ्यांचं एकच तिकीट काढून माझ्याकडे ठेवायचं, असं बऱ्याचजणींचं म्हणणं. मी म्हटलं, प्रत्येकीचं तिकीट वेगळं काढा आणि जिचं तिच्या हातात द्या. एका कागदावर माझा फोन नंबर लिहून तोही प्रत्येकीच्या बटव्यात ठेवला. आणि ठरवून ठेवलं, जी मागे राहील तिनं घाबरायचं नाही, मागची सीएसएमटी गाडी धरायची. गाडी तिथंच संपते, पुढं जायची भीती नाही. बाकीच्या तिथंच थांबतील.

आणि झालं तसंच! आमची चूक ही की आम्ही ऐन ऑफिसच्या वेळेला पोचलो. जलद गाडी आली, लोटालोटीत दहाजणी चढलो, मावशी खाली राहिल्या. गाडी सुटली. एकजण रडायलाच लागली, कारण मावशींच्या मुलानं निघताना बजावलं होतं, "आई हरवली तर तुम्ही जबाबदार." माझ्या पोटात गोळा आला. मावशींना वाचता येत नाही, फोन नाही.

सीएसएमटीला लोकलचे फलाट जिथं संपतात तिथं आम्ही उभ्या राहिलो. एक गाडी आली, मावशी नाहीत. दुसरी आली, नाहीत. तिसऱ्या गाडीतून पदर खोचून मावशी चालत आल्या, हातात तिकीट घट्ट धरलेलं. म्हणाल्या, "एकटी आले गं मी! एका फुलवालीला विचारलं, तिनं बायकांच्या डब्यात चढवलं. बसायला पण मिळालं." बायकांनो, ते तिकीट माझ्या पिशवीत असतं तर?

तुम्ही जाल तेव्हा गर्दीच्या वेळेआधी जा, किंवा कल्याणहूनच सुटणारी गाडी धरा. डब्यावर बाईचं चित्र बघा, पण पहिल्या वर्गाच्या डब्यात चढू नका, दंड बसतो. आणि लघवीला जावं लागेल म्हणून दिवसभर पाणी न पिता राहू नका. मोठ्या स्टेशनवर सोय असते, सुटे पैसे जवळ ठेवा.

स्टेशनची इमारत बाहेर येऊन रस्त्यापलीकडून बघा. 1888 साली बांधून झाली, आज ती जागतिक वारसा आहे. तिथून आम्ही चालतच गेटवेला निघालो. वाटेत हुतात्मा चौक लागतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी जे गेले त्यांचं स्मारक, शेतकरी आणि कामगार हातात मशाल घेऊन उभे. आमच्या डोळ्यासमोर आपला सिद्धगड आला. 2 जानेवारी 1943 ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथंच गेले ना. आम्ही चपला काढून हात जोडले.

गेटवे 1924 साली पुरा झाला. बोटीचं तिकीट तिथल्या खिडकीवरच घ्या, मागे लागणाऱ्यांकडून नको. बोटीत बसल्यावर जाकीट मागून घ्या आणि घाला, लाजू नका. डिसेंबर 2024 मध्ये याच वाटेवर बोटीचा अपघात होऊन माणसं गेली. तासाभराचा प्रवास आहे. उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बोट कितीला, ते विचारून ठेवा.

वर शंभरावर पायऱ्या आहेत. शहरातली माणसं धापा टाकत बसली होती. मावशी म्हणाल्या, "आमच्या पाण्याच्या वाटेला याहून चढ आहे." आत शंकराची तीन मुखांची मूर्ती, वीसेक फूट उंच, दीड हजार वर्षांच्या घरातली, आख्ख्या कातळातून कोरलेली. मावशी तिच्यासमोर बराच वेळ बसून राहिल्या. त्या बेटावर 2018 साली समुद्राखालून केबल टाकून वीज आली. मुंबईचे दिवे समोर दिसत असून इतकी वर्षं अंधार! वाडीपाड्यावरच्या बाईला हे वेगळं समजवायला नको.

रात्री घरी पोचलो. मुलगा अंगणात वाट बघत होता. मावशींनी त्याला समुद्राचं काही सांगितलं नाही, आधी तिकीट दाखवलं.

मागच्या आठवड्यात बँकेत केवायसी करायला मावशी मुरबाडला एकट्या जाऊन आल्या. आम्ही पुढच्या वर्षाचं पान वहीत उघडलंय. तुमच्या गटानंही उघडा.