जुना ट्रॅक्टर सुरू होत नाही? आधी दोन प्रश्न विचारा

मी दिवसभर पुण्यात बसून कोड लिहितो, पण आजचा एपिसोड आहे गावाकडच्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरवर. चावी फिरवली, आणि तो काही सुरू होत नाही. अशा वेळी करायचं काय?

विषय किरकोळ वाटेल, पण दिवस कोणता आहे ते बघा. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. तेवढा पाऊस होतो, उघडीप मिळते, रानाला वापसा येतो आणि सगळं गाव एकाच दिवशी शेतात उतरतं. त्या दिवशी भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही आणि मेस्त्री फोन उचलत नाही. पुन्हा पाऊस लागला की पेरणी आठ दिवस लांबली म्हणून समजा.

मग घाईत काय होतं? जो येतो तो एक सल्ला देतो. एक म्हणतो बॅटरी बदला, दुसरा म्हणतो सेल्फ गेला, तिसरा म्हणतो डिझेल पंप उतरवा. आमच्या कामात एक साधा नियम आहे. बिघाड कुठे आहे ते कळेपर्यंत काहीही बदलायचं नाही. ट्रॅक्टरला तो जसाच्या तसा लागू होतो.

सुरुवात जिवाच्या गोष्टीपासून. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि सेल्फ मारायचा तो सीटवर बसूनच. खाली उभं राहून सेल्फच्या दोन बोल्टांना स्क्रूड्रायव्हर लावून ट्रॅक्टर सुरू करतात ना, ते अजिबात करू नका. असं केलं की न्यूट्रलचा सेफ्टी स्विच असला तरी तो मध्ये येत नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर सुरू होताच पुढे जातो, आणि तुम्ही उभे असता बरोबर मागच्या चाकासमोर. अशाने माणसं गेली आहेत.

आता पहिला प्रश्न. सेल्फ इंजिन फिरवतो का?

फिरवत नसेल, तर डिझेलकडे बघायचंच नाही. बिघाड विजेच्या बाजूला आहे. स्वस्तातला मल्टीमीटर घरात ठेवा. बॅटरीच्या दोन खुंटांवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल चार्ज, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. आकडा धाडकन ९ च्या खाली आला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ नाहीतर इंजिन जाम आहे. आकडा जागचा हललाच नाही, तर बॅटरीतून करंट बाहेरच पडत नाहीये. म्हणजे दोष वाटेत आहे : टर्मिनल, वायर, अर्थिंग, सोलेनॉइड किंवा सेफ्टी स्विच.

हे मला माझ्या काकांच्या ट्रॅक्टरवर बघायला मिळालं. ट्रॅक्टर दोन-अडीच महिने उभा होता. चावी फिरवली की नुसतं ‘कट्ट’. काका व्हिडिओ कॉलवर म्हणाले, “अरे, नवीन बॅटरी आणायला निघालोय.” मी म्हटलं, “काका, दहा मिनिटं थांबा. आधी मीटर लावा.” बॅटरी १२.५ दाखवत होती. सेल्फ मारला तरी १२.२. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर लावायला सांगितली. इथे सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. दिसले जवळपास १२! अर्थिंगची पट्टी चेसिसला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे गंज चढला होता. बोल्ट खोलला, पॉलिश पेपरने घासला, परत आवळला. खर्च शून्य. अशी वायर काढताना निगेटिव्ह आधी काढायची आणि बसवताना ती शेवटी लावायची, म्हणजे ठिणगी उडत नाही.

सेल्फ जोरात फिरायला लागला. पण इंजिन? गप्पच.

इथे येतो दुसरा प्रश्न. सेल्फ फिरतोय, पण सायलेन्सरमधून धूर येतो का?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये. कारण थंडी, हळू फिरणारा सेल्फ, खराब नोझल किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन. शेवटची दोन कामं मेस्त्रीची. धूर अजिबात नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत जातच नाही.

काकांकडे धूर नव्हता. अशा वेळी क्रम असा : इंजिन बंद करायचा स्टॉपचा खटका ओढलेलाच राहिलाय का? टाकीचा कॉक उघडा आहे का? टाकीत डिझेल किती? काकांची टाकी तळाला गेली होती आणि लाइनमध्ये हवा शिरली होती. टाकी भरा, फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला करा, फीड पंपाचा हाताने मारायचा खटका मारत राहा. आधी बुडबुडे येतात. निव्वळ डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग डिझेल पंपावरच्या स्क्रूला हेच. खटका पोकळ लागला, तर इंजिन थोडं फिरवून परत मारा. तरीही सुरू झालं नाही, तर नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारा, डिझेल उडालं की आवळा. इथे हात आणि डोळे लांब ठेवा. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं.

आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ जळेल.

काकांचा ट्रॅक्टर त्याच दुपारी सुरू झाला. बिघाड दोन होते, एकामागे एक लपलेले. नवीन बॅटरी आणली असती तरी सेल्फ ‘कट्ट’च म्हणाला असता, आणि पैसे गेले ते गेलेच असते.

समजा तुम्हाला नाहीच जमलं. तरी मेस्त्रीला फोनवर “बंद पडलाय” एवढंच सांगू नका. “सेल्फ फिरतोय, धूर नाही, एअर काढली, पंपापर्यंत डिझेल येतंय,” असं सांगा. तो बरोबर सामान घेऊन येईल आणि तुमची एक चक्कर वाचेल.

शेवटी एकच काम देतो. यंदा मे संपायच्या आत घरचा ट्रॅक्टर एकदा सुरू करून बघा. गडबड असेल तर तेव्हाच कळू द्या, वापशाच्या दिवशी नको. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!