सौरफलकाला ऊन हवे, ताप नको

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी येथे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात घरावरील सौरफलक, म्हणजे बोलीतली सोलरची प्लेट, सर्वांत जोमाने वीज देत असेल, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे.

वीज उत्पन्न होते ती प्रकाशापासून, उष्णतेपासून नव्हे. फलकावर पडलेल्या प्रकाशाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत पालटतो. उरलेला बहुतेक फलकालाच तापवितो. सिलिकॉन तापले की त्याचा विद्युद्दाब उतरतो. फलकावर छापलेली शक्ती सिलिकॉन २५ अंशांवर असताना मोजलेली असते. त्यापुढे दर अंशास ती शेकडा ०.३ ते ०.४ घटते. हवा ४२ अंश आणि वारा मंद असता फलक सत्तरीला पोहोचतो. तेव्हा शेकडा सुमारे १६ भाग वीज गमावली जाते. ३ किलोवॅटच्या संचातून जवळजवळ अर्धा किलोवॅट! मार्गशीर्षात हवा २७ अंश असता हीच तूट शेकडा दहा-अकरावर येते. श्रावणसर ओसरून ऊन पडले, की काच धुतलेली, फलक थंड आणि प्रकाश निर्मळ, असा उत्तम योग जुळतो.

हवामान मनुष्याच्या स्वाधीन नाही. फलकाची मांडणी मात्र आहे. तापलेल्या पत्र्याला चिकटवून बसविलेल्या फलकाखाली वारा खेळत नाही. खाली वीतभर मोकळी जागा ठेवली, तर तापलेली हवा वर सरून निघून जाते. फलक १० अंशांनी जरी निवला, तरी शेकडा तीन-साडेतीन भाग वीज वाचते. तीर्थपुरी १९ व २० अक्षांशांच्या दरम्यान असल्याने दक्षिणेकडे सुमारे २० अंशांचा उतार तेथे योग्य. त्याने हवेलाही वाट मिळते. तथापि उंची वाढवावी तितका वळवाचा वारा फलकाला अधिक उचलू पाहतो. म्हणून सांगाडा भक्कम हवा. धूळ धुवावी ती पहाटे. भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी ओतल्यास ती तडकण्याचे भय असते.

२०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांचे अनुदान ठेवले. उरलेला खर्च कुटुंबाच्या गाठीचाच असतो. तेव्हा संच घेताना फलक किती वॅटचा, एवढेच विचारून थांबू नये. तो छपरापासून किती उंच बसणार, हेही विचारावे.