‘आम्ही’ की ‘आपण’?



चौतीस वर्षे मी इंग्रजी शिकवले. त्यातली एक चूक आज आपल्यापुढे कबूल करायची आहे.

वडोदऱ्यात आपल्या मुलांना घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी लागते. यात नवे काही नाही. 1875 साली कवळाण्याहून बारा वर्षांचे गोपाळराव येथे दत्तक आले. पुढे सयाजीराव महाराज झालेल्या या मुलाला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चारही भाषा शिकवल्या गेल्या. एका भाषेसाठी दुसरीला हाकलावे लागले नाही.

माझ्या वर्गात मात्र इंग्रजीच्या तासाला दुसरी भाषा बंद होती. एके दिवशी मी सहज म्हणालो, “टुमॉरो वी आर गोइंग टू पावागड.” सहल शिक्षकांची होती. दुसऱ्या दिवशी पहाटे शाळेच्या फाटकाशी एक मुलगा डबा घेऊन उभा! मी ओरडलो, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “सर, ‘आम्ही’ की ‘आपण’, हे विचारायचं होतं. पण मराठी बोलायची नव्हती ना!”

मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ आहेतच. इंग्रजीत दोहोंना एकच ‘वी’. मुलाचे इंग्रजी कच्चे नव्हते. मराठीमुळे त्याला जो भेद दिसत होता, तो विचारण्याची वाट मी बुजवली होती.

त्यानंतर मी फळ्यावर दोन्ही भाषा लिहू लागलो. ‘मला भूक लागली’ यात भूक येऊन लागते. इंग्रजीत ‘मी’ भुकेला असतो. आपला ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. इंग्रजीत दोन्हींसाठी वेगळे शब्द लागतात. असे शेजारी ठेवून पाहिले की मुलांच्या चुका कमी होत आणि प्रश्न वाढत.

आजी-आजोबांनो, नातवंडे इंग्रजी बोलू लागली की आपण कौतुकाने गप्प बसतो. तसे करू नका. “हे आपल्यात कसं म्हणशील?” एवढे रोज विचारा. इंग्रजी त्यांना लागणारच आहे. पण ती शिकताना घरची भाषा फाटकाबाहेर उभी राहू नये.

त्या मुलाची क्षमा मागायची राहून गेली. ती आज मागतो.